दहा सेकंद

दांडिया बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत
माझं एक जग चालतं.
जुना संगणक, घरघरणारा पंखा,
दोनशे चाळीस माणसं, एक नदी, तीन पूल.
विश्वामित्रीचं पाणी एकदा जिन्यापर्यंत आलं
तेव्हापासून ते जग मी कपाटावर ठेवलंय.

त्या जगात कुमुदताई फणसे वांगी लावतात.
सयाजी हॉस्पिटलात दिवसभर
लोकांच्या नसा शोधून झाल्या की
साडेदहाला येतात, कुदळ काढतात.
तलवार त्यांनी पहिल्याच दिवशी विहिरीत टाकली.
"मारामारी तुमची तुम्ही करा रे,
माझे वाफे तेवढे सरळ येऊ देत."

वाघनख९ येतो पावणेअकराला.
वांगी नेत नाही, गाय सोडत नाही,
नुसता मारतो.
त्या विहिरीपाशी परत जन्मतात,
हा तिथंच उभा.
एका रात्रीत सतरा वेळा. मी नोंदी मोजल्या.
अठराव्या ओळीत एवढंच होतं:
कुमुद_फ बाहेर पडली.

लोक म्हणाले, खेळ आहे हा.
मरायचं नसेल तर पत्ते खेळा.
एकानं लिहिलं, जवा दे ने, भाई.

दिलंही असतं जाऊ.
पण त्याच आठवड्यात अण्णांच्या साखरेची तपासणी होती.
खिडकीपलीकडे कुमुदताई.
दंडाला रबर बांधलं, कापूस फिरवला,
सुई हातात धरून विचारलं,
"टोचू का?"
अण्णांनी मान हलवली.
मग टोचलं.

रात्री मी एक बटण लिहिलं. लढणार नाही.
दाबलं की तलवार आरपार जाते, धुरातून जावी तशी.
तुमचीही जाते, दुसऱ्याच्या.
ज्याला लागत नाही, त्याला लावताही येत नाही,
एवढा एकच न्याय मला सुचला.

दोन दिवसांत भलतेच लोक ते दाबू लागले.
लुटायचं, पळायचं,
आणि बटण दाबून झाडाखाली संत होऊन बसायचं.
एकजण मधल्या पुलावर आडवा उभा राहिला,
त्याला मारता येईना, हलवताही येईना,
पलीकडे बैलगाड्यांची रांग.
मग मी माणसातून माणूस जाऊ दिला.
आणि दाबल्यापासून ढाल चढेपर्यंत
थोडा वेळ ठेवला.

तीन सेकंद ठेवले तर चोर निसटतात.
तीस ठेवले तर कुमुदताई मरतात.
दहावर थांबलो.
दहा बरोबर आहेत असं नाही,
मला झोप आली तेव्हा पडद्यावर दहा होते.

सकाळी काळाघोड्याच्या पुलावरून येताना
खाली गाळात मगर पडली होती, तोंड उघडं टाकून.
माणसं कठड्याला टेकून फोटो काढत होती.
कुणी तिला वाईट म्हणत नव्हतं.
कठडा माझ्या छातीपर्यंत येतो.
एका बाईनं पोराला त्यावर बसवलं होतं,
एक हात पोराच्या पट्ट्यात.

मंगळवारी कुमुदताई आल्या.
त्यांनी बटण दाबलं, मी श्वास धरून दहा मोजले.
पावणेअकराला तो आला.
वार, शून्य. वार, शून्य. वार, शून्य.
अकरा मिनिटं नोंदी अशाच उतरत होत्या.
ताईंनी एकच ओळ लिहिली:
"बाळा, जरा सरक, तिथं पाणी सोडायचंय."

तो सरकला.
खरंच सरकला, दोन पावलं, वाफ्याबाहेर.
उभा राहिला थोडा वेळ.

मग पश्चिमेच्या पुलाकडे वळला.
तिथं एक नवं पोर आलं होतं,
उड्या मारून बघत होतं पाणी किती खोल आहे,
बटण कुठं असतं हे अजून माहीत नसलेलं.

खाली शटर पडलं, एक पातेलं घरंगळत गेलं.
मी खुर्ची पुढे ओढली.
नव्या माणसाला ते आधीपासूनच
चालू द्यावं का?